स्टुडंट व्हिसा की वर्क व्हिसा? पैसे भरायच्या आधी या क्रमाने विचार करा

परदेशात जायचं पक्कं झालं की बहुतेक जण एकच विचारतात, कुठला व्हिसा पटकन मिळेल? आणि मग जो आधी हाताला लागतो तो घेऊन निघतात. पण व्हिसा मिळणं हा फक्त पहिला टप्पा असतो, त्याच्यापुढे अजून तीन-चार टप्पे असतात आणि खरे पैसे, खरी वर्षं तिथेच खर्च होतात. म्हणून माझं स्पष्ट म्हणणं आहे की स्टुडंट की वर्क हे पहिल्या व्हिसाकडे बघून ठरवूच नका, त्या व्हिसानंतर पुढे काय मिळतं आणि ते तुमच्या वयाला, डिग्रीला, अनुभवाला लागू होतं का हे बघून ठरवा. खाली ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने करा, मधली पायरी सोडू नका, कारण एकीचं उत्तर दुसरीत लागतं.

पायरी १: पाच वर्षांनी कुठे असायचंय ते आधी लिहून काढा

हे फालतू वाटेल पण इथेच निम्मा गोंधळ मिटतो. काही जणांना चार-पाच वर्षं चांगलं कमवून परत यायचं असतं, काहींना तिथेच कायमचं राहायचं असतं म्हणजे पीआर हवा असतो, काहींना खरंच तो विषय शिकायचा असतो, आणि काहींना सगळ्यात आधी नवरा-बायको-मुलं एकत्र हवी असतात. चारही कारणं रास्त आहेत पण चौघांचा रस्ता एक नाही. ज्याला कमवून परत यायचंय त्याने दोन वर्षं फी भरत बसणं म्हणजे कमाईची दोन वर्षं घालवणं, आणि ज्याला पीआर हवाय त्याने असा वर्क व्हिसा घेणं ज्यातून पीआरकडे रस्ताच जात नाही, हे तर त्याहून वाईट.

पीआरवाल्यांनी एक गोष्ट नक्की तपासा: शिकण्याचा काळ पीआरच्या हिशोबात धरला जातो का. देशागणिक हे फार वेगळं आहे. यूकेत स्टुडंट व्हिसावरची वर्षं वर्क रूटच्या सेटलमेंटसाठी, म्हणजे तिथल्या पीआरसाठी, मोजत नाहीत, तिथला काळ स्किल्ड वर्कर व्हिसा मिळाल्यावर सुरू होतो. कॅनडात फुल-टाइम शिकत असताना केलेलं काम कॅनेडियन एक्स्पिरियन्स क्लासच्या (तिथल्या कामाच्या अनुभवावर पीआर देणारी योजना) एक वर्षाच्या अनुभवात धरत नाहीत, डिग्रीनंतरचं स्किल्ड काम धरतात. जर्मनीत मात्र तिथल्या युनिव्हर्सिटीतून शिकलेल्याला स्किल्ड नोकरीची दोन वर्षं झाली की पीआरसाठी अर्ज करता येतो, आणि बाहेरून थेट ब्लू कार्डवर (ठरावीक पगाराच्या वरच्या पदवीधर कामांसाठीचा वर्क व्हिसा) गेलेल्याला २७ महिन्यांनी, जर्मन भाषा बी१ म्हणजे मध्यम पातळीपर्यंत आली असेल तर २१ महिन्यांनीच. म्हणजे बघा, जर्मनीत तुम्हाला ब्लू कार्डचा जॉब आत्ताच मिळत असेल तर निव्वळ पीआरसाठी तिथे मास्टर्स करण्यात काही अर्थ नाही.

वयही याच पायरीत बघायचं. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे पॉइंट्सवर पीआर देण्याच्या पद्धतीत, वयाचे पूर्ण मार्क २० ते २९ वर्षांपर्यंत, ३० पासून दरवर्षी कमी होत जातात आणि ४५ ला शून्य. ऑस्ट्रेलियात पॉइंट्सवाल्या व्हिसाला ४५ च्या आत असावं लागतं आणि शिक्षणानंतरच्या ४८५ व्हिसाला जुलै २०२४ पासून बहुतेकांसाठी वयाची अट ३५ आहे. आता ३४ व्या वर्षी दोन वर्षांचा कोर्स सुरू केला तर संपेपर्यंत ३६ होणार, आणि ज्या व्हिसासाठी कोर्स केला तोच मिळणार नाही. हे कोर्स विकणारा माणूस स्वतःहून सांगेलच असं नाही, तुम्हीच विचारायचं.

पायरी २: तुमच्या कामाला तिथे आज मागणी आहे का, हे खरोखर तपासा

स्टुडंट व्हिसाकडे वळायच्या आधी ही पायरी करायलाच हवी आणि लोक नेमकी हीच सोडतात, कारण "बाहेरून जॉब मिळतच नाही" असं आधीच गृहीत धरलेलं असतं. मिळणं अवघड आहे हे खरं, पण सगळ्यांना सारखंच अवघड नाही. तपासायला चार गोष्टी.

एक, तुमचं काम त्या देशाच्या यादीत बसतं का. यूकेत जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्करसाठी काम साधारण पदवी पातळीचं लागतं, खालच्या पातळीची थोडीच कामं तात्पुरत्या यादीत ठेवलीत, आणि बाहेरून केअर वर्कर घेणं तर त्यांनी बंदच केलंय. ऑस्ट्रेलियात डिसेंबर २०२४ पासून जुन्या ४८२ वर्क व्हिसाच्या जागी स्किल्स इन डिमांड व्हिसा आलाय, त्याच्या कोअर स्किल्स यादीत तुमचा व्यवसाय आहे का ते बघायचं, अनुभवाची अट एका वर्षाची आहे.

दोन, पगाराची किमान मर्यादा. यूकेत ती ४१,७०० पाउंड वर्षाला आहे आणि शिवाय त्या कामाचा ठरलेला दर वेगळा, दोन्हीतलं जे जास्त ते द्यावं लागतं. नुकतीच डिग्री घेतलेल्यांना सूट आहे, ३३,४०० पर्यंत. जर्मनीच्या ब्लू कार्डला २०२५ मध्ये ४८,३०० युरो लागत होते, टंचाई असलेल्या कामांना आणि नवीन पदवीधरांना ४३,७५९ युरो ८० सेंट, आणि हा आकडा दर जानेवारीत बदलतो. कंपनीला तुम्ही आवडलात तरी ती जो पगार देतेय तो या रेषेखाली असेल तर व्हिसा होत नाही, म्हणून पहिल्या इंटरव्ह्यूच्या आधीच त्या शहरातले तुमच्या कामाचे पगार बघून ठेवा.

तीन, तुमची डिग्री तिथे मान्य आहे का. जर्मनीसाठी अनाबिन नावाचा सरकारी डेटाबेस आहे, त्यात तुमची युनिव्हर्सिटी आणि डिग्री दोन्ही शोधायच्या. आयटीवाल्यांना एक चांगली सोय आहे, डिग्री नसली तरी पुरेसा अलीकडचा अनुभव असेल तर ब्लू कार्ड मिळू शकतं. नर्स, डॉक्टर, शिक्षक अशा कामांना मात्र डिग्री मान्य होऊन भागत नाही, रजिस्ट्रेशन लागतं. नर्सिंगचं उदाहरण घ्या, यूकेत एनएमसी या नर्सिंग कौन्सिलची कॉम्प्युटरवरची टेस्ट आणि मग प्रत्यक्ष कौशल्याची ऑस्की परीक्षा, अमेरिका आणि कॅनडात एनक्लेक्स ही नर्सिंगची लायसन्स परीक्षा, जर्मनीत मान्यतेची प्रक्रिया आणि चांगल्यापैकी जर्मन भाषा. अनुभवी नर्सने परदेशात जायला म्हणून कुठलातरी मॅनेजमेंटचा कोर्स घेणं मला अजिबात पटत नाही, तेवढ्याच काळात आणि त्याहून खूप कमी पैशात रजिस्ट्रेशन होतं आणि ती थेट आपल्याच कामावर जाते.

चार, कंपन्या खरंच बाहेरून माणूस घेतात का. यासाठी कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका, याद्या उघड असतात. यूकेचं सरकार लायसन्सवाल्या स्पॉन्सर (बाहेरच्या माणसाला वर्क व्हिसावर घेऊ शकणाऱ्या) कंपन्यांची पूर्ण यादी वेबसाइटवर टाकतं, अमेरिकेत कुठल्या कंपनीचे किती एच-१बी वर्क व्हिसा मंजूर झाले ते यूएससीआयएस या इमिग्रेशन खात्याच्या डेटा हबवर दिसतं, कॅनडात ज्यांना एलएमआयए (बाहेरून कामगार घ्यायची सरकारी मंजुरी) मिळाला त्या कंपन्यांची यादी सरकार वेळोवेळी काढतं. तुमच्या क्षेत्रातल्या पन्नासेक कंपन्या त्यातून काढा आणि तिथेच अर्ज करा, जॉब पोर्टलवर सरसकट शेकडो अर्ज टाकण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

मग स्वतःला एक मुदत घाला, सहा महिने समजा. या सहा महिन्यांत सीव्ही तिथल्या पद्धतीने करायचा, रजिस्ट्रेशन किंवा डिग्रीची मान्यता सुरू करायची, नेमाने अर्ज करायचे. एकही इंटरव्ह्यू आला नाही तर ती माहितीच आहे, की आत्ताच्या प्रोफाइलवर थेट वर्क व्हिसा कठीण आहे आणि शिक्षणाचा रस्ता गांभीर्याने बघायला हवा. इंटरव्ह्यू येतायत पण ऑफर होत नाही असं असेल तर अडचण बहुतेक भाषेची किंवा इंटरव्ह्यूच्या तयारीची असते, त्यासाठी दोन वर्षांची डिग्री हा फार महागडा उपाय झाला.

पायरी ३: पैशाचा हिशोब, आणि तो तीन आकड्यांत

लोक फक्त फी बघतात. बघायचं असं: फी, अधिक राहण्याचा खर्च, अधिक जो पगार तुम्ही त्या काळात सोडताय तो. तिसरा आकडा कोणी धरत नाही, आणि पाच-सहा वर्षांचा अनुभव असलेल्या माणसासाठी तोच कधीकधी सगळ्यात मोठा असतो.

राहण्याच्या खर्चाचे पैसे आधी दाखवावे लागतात. जर्मनीत ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो, त्यातून महिन्याला ९९२ काढता येतात. कॅनडात एकट्या विद्यार्थ्यासाठी सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ कॅनेडियन डॉलर, फी आणि प्रवास सोडून. ऑस्ट्रेलियात २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर, आणि नुसती व्हिसाची फीच २,००० डॉलर आहे, व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. यूकेत हेल्थ सरचार्ज (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचं शुल्क) वेगळा, विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पाउंड, वर्क व्हिसावाल्यांना १,०३५, आणि तो सगळ्या वर्षांचा एकदम आधीच भरायचा असतो. वर्क व्हिसाची ऑफर आली तर हे कंपनी भरतेय का, तुमचं एकट्याचं की कुटुंबाचंही, हे ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या.

आता पार्ट-टाइमबद्दल. "तिथे गेल्यावर पार्ट-टाइम करून फी काढू" या वाक्यावर कर्ज काढू नका, मनापासून सांगतो. कामाच्या तासांना कायद्याने मर्यादा आहे: यूकेत डिग्री कोर्सवाल्यांना सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, कॅनडात कॅम्पसबाहेर २४ तास, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास, जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस, आणि अमेरिकेत एफ-१ स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना २० तास, तेही कॅम्पसवरच. एवढ्या तासांत जेवणखाण आणि भाड्याला हातभार लागतो, इंटरनॅशनल विद्यार्थ्याची फी निघत नाही. आणि मर्यादेपेक्षा जास्त तास रोखीने काम केलं तर तो व्हिसाच्या अटीचा भंग असतो, जो पुढे वर्क व्हिसाच्या वेळी उघडा पडू शकतो.

जर्मनीतल्या सरकारी युनिव्हर्सिट्यांत बहुतेक राज्यांत फी नाही, फक्त सेमिस्टरचं शुल्क असतं, बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात युरोपियन युनियनबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो लागतात. त्यामुळे तिथला शिक्षणाचा हिशोब इंग्रजी बोलणाऱ्या देशांपेक्षा पूर्ण वेगळा बसतो, पण त्याच्या बदल्यात भाषा शिकायला द्यावा लागणारा वेळ धरायला विसरू नका. कोर्स इंग्रजीत असला तरी नोकरी बऱ्याचदा जर्मन मागते.

पायरी ४: कोर्सनंतर किती महिने मिळतात आणि त्यात काय साधायचंय

स्टुडंट व्हिसाचा खरा फायदा इथे आहे, म्हणून इथे जरा वेळ द्या. डिग्री संपल्यावर स्पॉन्सर न लागता काम करायला मिळणारा जो काळ असतो, त्यात तुम्ही देशातच असता, इंटरव्ह्यूला समोर बसू शकता, कंपनीला आज कुठलाही कागद करावा लागत नाही. बाहेरून अर्ज करणाऱ्याला हे कधीच मिळत नाही.

यूकेचा ग्रॅज्युएट रूट सध्या दोन वर्षांचा आहे, पीएचडीला तीन, पण १ जानेवारी २०२७ पासून जे अर्ज करतील त्यांना दोनच्या जागी १८ महिने मिळणार, म्हणजे आत्ता कोर्स निवडताना तुमची डिग्री कधी संपते ती तारीख बघा. जर्मनीत १८ महिने नोकरी शोधायला. आयर्लंडमध्ये मास्टर्सनंतर २४ महिन्यांपर्यंत. ऑस्ट्रेलियात बॅचलर्स आणि साध्या मास्टर्सनंतर साधारण दोन वर्षं. अमेरिकेत १२ महिने ओपीटी (डिग्रीनंतर काम करायची परवानगी) आणि स्टेम विषय (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनियरिंग, गणित) असेल तर अजून २४ महिने, पण पहिल्या ओपीटीत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. स्टेम विषय कुठले हे सरकारी यादीतल्या कोडवरून ठरतं, कोर्सच्या नावावरून नाही, म्हणून अॅडमिशन घेण्याआधी युनिव्हर्सिटीकडून तो कोड ईमेलवर मागवून घ्या, एकाच नावाचे दोन कोर्स दोन युनिव्हर्सिटीत वेगवेगळ्या कोडचे असू शकतात आणि त्यातून दोन वर्षांचा फरक पडतो.

कॅनडाचं तर फार जपून बघा. पोस्ट ग्रॅज्युएशन वर्क परमिट आठ महिने ते तीन वर्षांचा असतो, आयुष्यात एकदाच मिळतो, आणि मास्टर्सवाल्यांना कोर्स दोन वर्षांहून लहान असला तरी तीन वर्षांचा मिळू शकतो. नोव्हेंबर २०२४ पासून भाषेची अटही आली, आणि कॉलेजच्या डिप्लोमांना विषयाचीही. ठरलेल्या यादीतला विषय नसेल तर डिप्लोमा पूर्ण करूनही वर्क परमिट नाही. युनिव्हर्सिटीच्या बॅचलर्स, मास्टर्स, पीएचडीला विषयाची अट नाही. म्हणून स्वस्त पडतो म्हणून कुठलाही डिप्लोमा घेणं हा आता जुगार झालाय, तुमचं कॉलेज आणि तुमचा प्रोग्रॅम दोन्ही वर्क परमिटला पात्र आहेत का ते सरकारी वेबसाइटवरच्या यादीत नावानिशी शोधा.

आणि मग प्रश्न असा की त्या महिन्यांच्या शेवटी काय? यूकेत पुन्हा तीच पगाराची रेषा पार करणारी नोकरी लागते. अमेरिकेत एच-१बीची लॉटरी, वर्षाला ६५,००० आणि अमेरिकन मास्टर्सवाल्यांसाठी अजून २०,०००, नोंदणी मार्चमध्ये आणि काम १ ऑक्टोबरपासून. इथे एक मोठा फरक पडलाय, सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने अमेरिकेबाहेर असलेल्या माणसासाठी नवीन एच-१बी अर्ज करायचा तर कंपनीवर १ लाख डॉलरचा भार आला, त्यावर कोर्टात केसेसही झाल्या, पण देशात राहूनच एफ-१ वरून एच-१बी वर बदल करणाऱ्यांना तो लागू केलेला नाही. त्यामुळे अमेरिकेपुरतं बोलायचं तर शिक्षणाच्या रस्त्याला बाहेरून थेट जाण्यापेक्षा वजन आलंय. लॉटरी मात्र लॉटरीच राहते, स्टेमवाल्याला तीन वर्षांत साधारण तीन वेळा नाव टाकता येतं आणि बिगर-स्टेमवाल्याला एकदा-दोनदा, म्हणून बिगर-स्टेम विषयासाठी मोठं कर्ज काढताना दहा वेळा विचार करा.

अजून एक, कोर्स अर्धवट सोडून वर्क व्हिसावर उडी मारायचा बेत असेल तर तो डोक्यातून काढा. यूकेने जुलै २०२३ पासून कोर्स पूर्ण व्हायच्या आधी असं बदलायला बंदी केली आहे.

पायरी ५: वर्क व्हिसाची दुसरी बाजू

पगार पहिल्या महिन्यापासून, फी नाही, कर्ज नाही, हे सगळं छान. पण बहुतेक वर्क व्हिसा एका कंपनीला बांधलेला असतो. नोकरी गेली तर घड्याळ सुरू होतं: अमेरिकेत एच-१बी वर जास्तीत जास्त ६० दिवस, यूकेतही होम ऑफिस (तिथलं गृहखातं) साधारण ६० दिवसच देतं, ऑस्ट्रेलियात जुलै २०२४ पासून एका वेळी १८० दिवस. भाडं, मुलांची शाळा, गाडीचा हप्ता सगळं चालू असताना ६० दिवसांत नवा स्पॉन्सर शोधणं म्हणजे काय असतं याचा आधी विचार करा, आणि जाताना किमान चार-पाच महिन्यांचा खर्च बाजूला असू द्या.

ऑफर लेटर वाचताना नोकरी सोडली तर खर्च परत द्यायचा असं कलम आहे का बघा. रिलोकेशनचे पैसे परत मागणं बऱ्याच ठिकाणी चालतं, पण स्पॉन्सरशिपचा खर्च माणसावर टाकणं कित्येक देशांत कायद्यानेच बंद आहे. यूकेत इमिग्रेशन स्किल्स चार्ज कंपनीनेच भरायचा, कॅनडात एलएमआयएची फी कामगाराकडून घेता येत नाही, अमेरिकेत एच-१बीच्या अर्जाचा आणि वकिलाचा खर्च कंपनीचा. म्हणून कोणी "एवढे द्या, स्पॉन्सरशिप लेटर देतो" म्हणालं की तिथेच थांबा. विकत घेतलेल्या स्पॉन्सरशिपवर गेलेल्या माणसाला तिथे काम नसतं, पगार नसतो, आणि तक्रार केली तर स्वतःचाच व्हिसा जाईल या भीतीने तो गप्प बसतो. हे प्रकार फार झालेत आणि ज्यांनी घरदार गहाण टाकून पैसे दिलेत त्यांचं नुकसान भरून निघत नाही.

पायरी ६: कुटुंब

इथे वर्क व्हिसा बहुतेक ठिकाणी पुढे आहे. यूकेत जानेवारी २०२४ पासून साध्या मास्टर्सच्या विद्यार्थ्याला जोडीदार किंवा मुलं आणता येत नाहीत, रिसर्च कोर्सवाल्यांना येतात. अमेरिकेत एफ-२ वर आलेल्या विद्यार्थ्याच्या जोडीदाराला काम करता येत नाही, एच-१बीवाल्याच्या जोडीदाराला एच-४ वरही ग्रीन कार्डच्या प्रक्रियेचा ठरावीक टप्पा गाठल्यावरच परवानगी मिळते. कॅनडात जानेवारी २०२५ पासून विद्यार्थ्याच्या जोडीदाराला ओपन वर्क परमिट (कुठल्याही कंपनीत चालणारा) हवा असेल तर मास्टर्स किमान १६ महिन्यांचं लागतं किंवा पीएचडी किंवा ठरावीक प्रोफेशनल कोर्स. जर्मनीत ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला भाषेची परीक्षा न देता येता येतं आणि आल्याबरोबर काम करता येतं, कुटुंब घेऊन जाणाऱ्यांसाठी मला ही सोय सगळ्यात चांगली वाटते.

दोघांपैकी ज्याचं प्रोफाइल मजबूत त्याने मुख्य अर्जदार व्हायचं. घरात ज्याचा पगार जास्त त्याचाच अर्ज जातो असं बऱ्याचदा होतं, पण मागणी कोणाच्या कामाला आहे हे बघायला हवं. बायको नर्स आणि नवरा सेल्समध्ये असेल तर रस्ता बहुतेक बायकोच्या कामातून निघतो.

पायरी ७: या दोघांच्या मधले रस्ते

हे बघितल्याशिवाय निर्णय घेऊ नका. जर्मनीचं चान्सनकार्टे जून २०२४ पासून सुरू झालंय, मान्य डिग्री किंवा व्यावसायिक शिक्षण, जर्मन ए१ (सुरुवातीची पातळी) किंवा इंग्रजी बी२ (बऱ्यापैकी वरची पातळी), आणि वय-अनुभव-भाषा वगैरेंचे मिळून सहा पॉइंट्स झाले की एक वर्ष तिथे राहून नोकरी शोधता येते, आणि तोपर्यंत आठवड्याला २० तास काम चालतं. बारावीनंतर जायचं असेल तर तिथलंच आउसबिल्डुंग आहे, म्हणजे पगार घेत काम शिकायचं, फक्त भाषा आधी चांगली हवी. नेदरलँड्समध्ये ओरिएंटेशन इयर मिळतं, तिथे शिकलेल्यांना आणि जगातल्या ठरावीक वरच्या युनिव्हर्सिट्यांतून तीन वर्षांच्या आत पास झालेल्यांनाही. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात पॉइंट्सवर थेट पीआरचा अर्ज बाहेरूनही करता येतो, तिथे शिकायलाच हवं असं नाही. आणि तुम्ही मोठ्या कंपनीत असाल तर एचआरला आधी विचारा, अमेरिकेच्या एल-१ साठी (त्याच कंपनीच्या अमेरिकेतल्या ऑफिसात बदलीचा व्हिसा) गेल्या तीन वर्षांतलं सलग एक वर्ष त्याच कंपनीत बाहेर काम केलेलं लागतं आणि त्याला लॉटरी नाही.

पायरी ८: अर्जात जे लिहाल ते खरंच असू द्या

स्टुडंट व्हिसाला "हाच कोर्स का" याचं उत्तर पटण्यासारखं लागतं. अमेरिकेत एफ-१ साठी परत येण्याचा हेतू दाखवावा लागतो, एच-१बीला तसं नाही, तिथे ग्रीन कार्डचा हेतू असला तरी चालतं. ऑस्ट्रेलियात मार्च २०२४ पासून जेन्युइन स्टुडंटचे प्रश्न आलेत. आठ वर्षं इंजिनियर असलेला माणूस अचानक हॉटेल मॅनेजमेंटच्या डिप्लोमाला अर्ज करतो तेव्हा ऑफिसरला जे दिसायचं ते दिसतंच. मागच्या कामाला पुढच्या कामाशी जोडणारा कोर्स असेल तर एसओपी (हा कोर्स का करायचाय ते सांगणारं पत्र) लिहायला एजंट लागत नाही, तुम्हीच दोन पानांत सांगू शकता.

खोटी कागदपत्रं, उसने आणून दाखवलेले पैसे, लपवलेला जुना रिफ्युझल, यातलं काहीही करू नका. कॅनडात चुकीच्या माहितीसाठी पाच वर्षांची बंदी, यूकेत फसवणुकीसाठी दहा वर्षांपर्यंत, अमेरिकेत तर कायमचीही. आणि अर्ज एजंटने भरला होता हे कारण चालत नाही, सही तुमची असते. रिफ्युझल आलाच तर घाबरून लगेच दुसरीकडे अर्ज टाकू नका, कारणाचं पत्र नीट वाचा, ते कारण दूर झाल्याचा पुरावा तयार झाल्यावरच पुन्हा करा.

पायरी ९: आता ठरवा

माझी पद्धत अशी. अनुभव तीन वर्षांहून जास्त, काम मागणीतलं, पगाराची रेषा आवाक्यात, किंवा कुटुंब बरोबर न्यायचंय, तर आधी वर्क व्हिसा किंवा मधला रस्ता, आणि सहा महिने मनापासून. नुकतीच डिग्री झालीय, अनुभव नाही, किंवा क्षेत्रच बदलायचंय आणि त्यासाठी नवीन डिग्री खरोखर लागते, तर स्टुडंट व्हिसा, पण कोर्सनंतरच्या वर्क परमिटची पात्रता आणि त्यानंतरची पगाराची अट दोन्ही लेखी तपासून. रिसर्चची आवड असेल आणि पगारी पीएचडी मिळत असेल तर सहसा तीच घ्या, कित्येक देशांत ती नोकरीसारखीच असते आणि कुटुंबाचे नियमही सैल असतात. आणि ज्याला कर्ज फेडायला तिथली नोकरी लागलीच पाहिजे अशी अवस्था येणार आहे, त्याने एवढं कर्ज घेऊच नये असं मला ठामपणे वाटतं. परत यावं लागलं तरी हप्ते भरता येतील एवढीच मर्यादा धरा.

दोन्ही रस्ते काही महिने बरोबर चालवता येतात. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या इन्टेकसाठी अर्ज साधारण वर्षभर आधी सुरू होतात, जर्मनीत हिवाळी सेमिस्टरची मुदत बऱ्याच कोर्सना १५ जुलै असते, मास्टर्सना कित्येकदा त्याच्याही आधी. आयएल्ट्सचा स्कोअर दोन वर्षं धरतात, म्हणून भाषेची परीक्षा आधी देऊन टाका, ती दोन्हीकडे लागते. मग एक तारीख ठरवा ज्याच्या आत जॉब ऑफर आली नाही तर युनिव्हर्सिटीचं डिपॉझिट भरायचं, आणि डिपॉझिट भरण्याआधी व्हिसा नाकारला तर ते परत मिळतं का, किती दिवसांत, किती कापून, हे युनिव्हर्सिटीच्या रिफंड पॉलिसीत वाचून त्या पानाची प्रत सेव्ह करून ठेवा. इथे लिहिलेले आकडे आणि तारखा पैसे भरायच्या त्याच आठवड्यात त्या त्या सरकारच्या वेबसाइटवर पुन्हा एकदा बघा, गेल्या दोन वर्षांत यातले बरेचसे नियम बदललेत आणि काही तर सहा महिन्यांत दोनदा.